जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी: पीयूसी नापास, रेस वर-खाली आणि बॉनेटखालचे बोल्ट ठोकलेले पाइप

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

मंडळी, माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे. कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी. गोरेगावला आमची छोटी रोपवाटिका आहे, कुंड्या, माती, खत सगळं तीच वाहते. मागची बाकं काढून हौदा मोकळा केलाय, त्यामुळे घरी सगळे तिला ट्रकच म्हणतात.

दुखणं असं: थंड असताना गाडी बरी चालते. गरम झाली की सिग्नलला रेस आपोआप वर-खाली होते, कधी १३०० वर जाते, कधी इतकी पडते की बंद पडायच्या बेताला येते. आरेच्या चढावर पिकअप नाही. पीयूसीला नेली तर नापास. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.६ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) १९०० पीपीएम.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी काहीही न खोलता "स्क्रू फिरवून देतो" म्हणत मिक्स्चर (हवेत मिसळणाऱ्या पेट्रोलचं प्रमाण) वाढवलं. परत पीयूसी केली तर एचसी ११०० आणि सीओ ४.३, म्हणजे आता दुसऱ्या बाजूने नापास. वर पेट्रोलचा वास येतो आणि अ‍ॅव्हरेज पडलं ते वेगळंच. आता त्यांचं म्हणणं, कार्ब्युरेटर बदला नाहीतर गाडी काढा. काढायची नाहीये. वडिलांनी घेतलेली गाडी आहे आणि रोज कामाला येते.

आणखी एक. बॉनेट उघडून नीट बघितलं तर दोन रबरी पाइपांच्या तोंडात चक्क बोल्ट ठोकलेत. हे कशासाठी? कोणता पाइप कशाचा, हे कुणी सांगेल का?

चकाला_सिग्नल

कार्ब्युरेटर किट टाका, जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) साफ करून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

मस्कत_ते_रत्नागिरी

भाऊ, कार्ब्युरेटरला एवढ्यात हात लावू नका. आधी पाइप बघा.

मी मस्कतला बरीच वर्षं टोयोटाच्या पिकअप खोलल्या. २२आर इंजिन, २३६६ सीसी, कार्ब्युरेटर. आखातासाठी आलेल्या गाडीला पाइप बेताचेच असायचे. पण तीच पिकअप अमेरिकेच्या नियमांसाठी बनलेली असली, तर बॉनेट उघडल्यावर आधी पाइपच दिसायचे, कार्ब्युरेटर शोधावा लागायचा. अशा गाड्या "रेस खेळते" म्हणून यायच्या. नवशिक्या पोरगा लगेच पेचकस घेऊन स्क्रूकडे जायचा, आमचा फोरमन त्याचा हात धरून मागे घ्यायचा.

कारण साधं आहे. रेस सोडलेली असते तेव्हा थ्रॉटलची पाती जवळजवळ बंद असते आणि इंजिन आत जोरात ओढत असतं. मॅनिफोल्डमधली, म्हणजे कार्ब्युरेटरातून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, ही ओढ म्हणजेच व्हॅक्युम. कार्ब्युरेटरातून जी हवा जाते तिला जेट मापून पेट्रोल देतं. फुटक्या पाइपातून शिरणाऱ्या हवेला पेट्रोल कोण देणार? मिक्स्चर पातळ होतं, एखादा सिलिंडर पेट घेत नाही, रेस पडते, परत उचलते. आता स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं की आयडलिंगला बरं वाटतं, पण भोक आहे तिथंच आहे. तुमच्या गाडीचं हेच झालंय.

बोल्टांचं विचारलंत. गाडीला आधी सीएनजी किट होतं का? व्हॅक्युमवर चालणाऱ्या जुन्या रिड्युसरसाठी (गॅसचा दाब कमी करणारा भाग) मॅनिफोल्डच्या पाइपात टी-जॉइंट मारून ओढ घ्यायचे. गाडी विकताना किट काढून दुसऱ्या गाडीला लावतात, टी तिथंच राहतो, त्याच्या तोंडात हाताला लागेल तो बोल्ट जातो. बोल्टाला आटे असतात, आट्यांवरून हवा आत जाते. रबर उन्हाने कडक झालं की आणखी जाते. मुंबईत असे टी मी फार बघितलेत.

आता कुठं बघायचं ते. ब्रेक बूस्टरचा (पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) जाड पाइप सगळ्यात आधी, कारण त्यात ब्रेकचा प्रश्न आहे. इंजिन बंद करून ब्रेक दोन-चारदा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पाइप, त्यातला एकाच दिशेने हवा सोडणारा वॉल्व्ह किंवा बूस्टरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), तिघांपैकी एक गेलाय. हा पाइप घ्यायचा तो बूस्टरसाठीचाच, आतून जाळी असलेला. साधा रबर ओढीने आत चेपतो.

मग पीसीव्ही वॉल्व्ह. टॅपेट कव्हरमधली वाफ परत इंजिनात पाठवतो तो. काढून कानाशी हलवा, खुळखुळला पाहिजे. चालू गाडीत तोंडावर बोट ठेवलं की ओढ लागली पाहिजे. जाम झाला असेल तर आत दाब साठतो आणि ऑइल सीलमधून तेल गळायला लागतं. लोक सील बदलत बसतात, तेल गळतच राहतं.

डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) डायफ्रामचा बारीक पाइप फाटला की पिकअप मरते. तुमच्या चढाची तक्रार इथली असू शकते. पाइपाचं कार्ब्युरेटरकडचं टोक काढून हातपंपाने ओढ द्या. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. टिकली नाही तर डायफ्राम फाटलाय.

सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरच्या खालचं पॅकिंग आणि तो काळा बेकेलाइटचा ठोकळा. नट सैल असतील तर बेताने आवळा, जोर लावला तर ठोकळा तडकतो.

आयटीआय_मास्तर

मस्कतवाले काका, तुमचं फोरमनचं वाक्य आमच्या मुलांना सांगणार.

धागाकर्ते, तुमच्या दोन पीयूसी पावत्यांतच अर्धं निदान आहे. पावती फक्त पास-नापाससाठी बघू नका. तुमची गाडी भारत स्टेज २ या प्रदूषण नियमांच्या आधीची, तिला आयडलिंगला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. सीओ वाढला याचा अर्थ पेट्रोल जास्त पडतंय. सीओ कमी आणि एचसी जास्त याचा अर्थ पेट्रोल जास्त नाहीये, ते न जळताच बाहेर येतंय, म्हणजे मिसिंग आहे. मिसिंगची कारणं दोन-चारच: प्लग किंवा वायर, वॉल्व्ह नीट न बसणं, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), नाहीतर हवेची गळती. पहिल्या पावतीवर ०.६ आणि १९०० हे आकडे बघूनच गॅरेजवाल्याने पेचकस खाली ठेवायला हवा होता.

एक व्हॅक्युम गेज घ्या. गाडी गरम करून मॅनिफोल्डच्या तोंडाला लावा, कार्ब्युरेटरच्या वरच्या तोंडाला नाही. पातीच्या वरच्या बाजूच्या तोंडाला आयडलिंगला ओढच नसते, रेस दिल्यावर येते. हा फरक कळला नाही की पाइपांची अदलाबदल होते, आणि नंतर कुणालाच सापडत नाही. निरोगी इंजिन मुंबईत १७ ते २१ इंच दाखवतं, काटा स्थिर. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. ठरावीक तालात पडत असेल तर वॉल्व्ह. सावकाश वर-खाली तरंगत असेल तर मिक्स्चर. उंचीचा हिशेबही लक्षात असू द्या, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. लोणावळ्याला दोन इंच कमी आले म्हणून घाबरू नका.

गळती शोधायला काही लोक चालू इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. कृपया करू नका. धुराचा तापलेला मॅनिफोल्ड आणि प्लगच्या जुन्या वायरी, आग लागायला आणखी काय लागतं? फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घ्या आणि एकेका जोडावर थोडं मारा, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर सांभाळून. पाणी भोकात ओढलं गेलं की क्षणभर रेस बदलते. हातभर पाइप कानाला लावून दुसरं टोक फिरवलं तरी सूं आवाज कळतो.

हायवे_ढाबा

मी वेगळं सांगतो. माझ्या जिप्सीत कॅनिस्टर, अमुक वॉल्व्ह, तमुक वॉल्व्ह, सगळं काढून तोंडं बंद केली. एक डिस्ट्रिब्युटरचा पाइप ठेवला. गाडी मस्त चालते. जितके पाइप कमी तितकी कटकट कमी.

आयटीआय_मास्तर

चालत असेल, पण सगळ्यांना तसा सल्ला देऊ नका ही विनंती. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा, टाकीतली पेट्रोलची वाफ त्यात साठते आणि चालत्या गाडीत इंजिन ती ओढून जाळतं. तो काढला की ती वाफ तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुटते. टाकीचा श्वासाचा पाइप कुणी बंदच केला तर टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल पुढे येत नाही आणि गाडी हायवेवर बंद पडते. मग पंप बदलतात. इजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा वॉल्व्ह) असलेल्या गाडीत तो बंद केला तर ज्वलनाचं तापमान वाढतं, चढावर इंजिन खटखट वाजतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. पीयूसीच्या आयडलिंग चाचणीत हा वायू मोजतच नाहीत, म्हणून पावतीवर सगळं छान दिसतं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा) फोडून रिकामा करणारेही आहेत. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, तो उगाच नाही. मिसिंग चालू राहिलं की न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते आणि सायलेन्सर तुंबतो. मूळ दुखणं मिसिंगचं असतं, फुटतो मात्र कन्व्हर्टर.

एक पाइप मात्र मीही सोडून देईन. थंड प्रदेशासाठी एअर फिल्टरला सायलेन्सरजवळून गरम हवा आणणारी नळी असते. मुंबईच्या हवेत तिचा उपयोग नाही. फक्त तिची झडप गरम बाजूला अडकलेली नाही एवढं बघा, नाहीतर बाराही महिने इंजिन तापलेली हवा पीत राहील.

पेट्रोल_आणि_पाणी

मी रबराच्या धंद्यात आहे म्हणून दोन शब्द. कोणता पाइप कुठे, यावर बरेच लोक चुकीचा माल घेतात.

दुकानात रंगीत सिलिकॉनचे पाइप मिळतात, दिसायला सुरेख. उष्णता छान सोसतात. पण पेट्रोल आणि ऑइलची वाफ सोसत नाहीत, फुगतात, मऊ पडतात. डिस्ट्रिब्युटरला चालतील. कॅनिस्टर आणि पीसीव्हीला नको. काळा ईपीडीएम रबरही पेट्रोलला चालत नाही, तो रेडिएटरच्या पाण्यासाठी. पेट्रोलच्या मुख्य पाइपला तर जे-३० आर-९ असं छापलेलाच घ्या, त्याचं आतलं अस्तर इथेनॉल सोसतं.

आता पंपावर ई-२० मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल. १९९८ च्या गाडीतलं रबर या पेट्रोलसाठी बनलेलं नाही. आणि मिक्स्चरचाही मुद्दा आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट. म्हणजे त्याच जेटमधून ई-२० गेलं की मिक्स्चर आपोआप थोडं पातळ होतं. नव्या गाडीत सेन्सर सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तुमच्या गाडीत आधीच गळती आहे, त्यात ही भर. म्हणून आधी सगळ्या गळती बंद करा आणि मगच मिक्स्चर लावा, तेही गॅस अ‍ॅनालायझरवर (धुरातले वायू मोजणारं यंत्र), कानाने नाही.

गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रिकाम्या टाकीत हवा जास्त.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा अंदाज बरोबर. आधीच्या मालकाला फोन केला, गाडीला सीएनजी होतं.

गेज आणलं. तेराच्या आसपास, काटा सारखा थरथरतोय. पाण्याची फवारणी केली तर टी-जॉइंटजवळ रेस लगेच बदलली. कार्ब्युरेटरच्या खाली मागच्या बाजूलाही थोडी बदलली.

डिस्ट्रिब्युटरचा पाइप वरून धडधाकट दिसतो. पण मॅनिफोल्डजवळच्या वळणावर दोन बोटांत वाकवला आणि आतल्या अंगाला बारीक चिरा उघडल्या, जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत. सरळ सोडला की चिरा मिटतात. नुसतं बघून कधीच कळलं नसतं. कॅनिस्टरचा पाइप तर हाताला काळा चिकटतो, टोकाला इतका फुगलाय की क्लिप काढल्यावर आपोआप निसटला.

आता सगळेच बदलतो. माल कुठून घेऊ? आणि काढताना काय सांभाळू?

मस्कत_ते_रत्नागिरी

पाइपांना नागदेवी स्ट्रीट. मीटरवर कापून देतात, पण जुना तुकडा सोबत न्या आणि आतला व्यास जुळवा. नळीवर सैल बसणारा पाइप क्लिपने आवळून भागवू नका, पुढच्या उन्हाळ्यात तो गळणारच. पीसीव्ही वॉल्व्ह, पॅकिंग, बेकेलाइट ठोकळा ऑपेरा हाउसच्या गल्लीत विचारा. तिथं नाही तर कुर्ल्याला सीएसटी रोड. चोर बाजारातून रबरी वस्तू आणि डायफ्राम घेऊ नका, जुनं रबर जुनंच असतं.

काढताना: आधी चारही बाजूंनी फोटो. मग एक पाइप काढायचा, नवा लावायचा, मगच दुसऱ्याला हात. सगळे एकदम उपटलेत तर जुळवता जुळवता रात्र होईल. पाइप सरळ ओढू नका. आत प्लॅस्टिकची नळी असते, इतक्या वर्षांनी ती काचेसारखी तुटते. आधी पिळून सैल करा, नाहीच सुटला तर ब्लेडने लांबीत चीर द्या आणि सोलून काढा.

आणि हे ठळक लिहून ठेवा. जुना पाइप फेकायच्या आधी त्यातून फुंकर मारा, उजेडात धरून आत बघा. काही पाइपांत पितळेचा बारीक जेट बसवलेला असतो, मधोमध, बाहेरून दिसत नाही. तो जुन्या पाइपासोबत कचऱ्यात गेला की ओढ एकदम जोरात लागते आणि नवा पाइप टाकूनही गाडी आधीपेक्षा वाईट चालते. मधला एकतर्फी वॉल्व्ह असला तर तो कोणत्या दिशेला बसलाय तेही खुणेने लिहा.

तिसरा_गिअर

काम झालं. सविस्तर लिहितो, कुणाला पुढे उपयोगी पडेल.

टी-जॉइंट पूर्ण काढला, तिथं अखंड पाइप टाकला. बूस्टरचा पाइप नवा. पीसीव्ही जाम होता, खुळखुळतच नव्हता, तोही नवा. कॅनिस्टरच्या पाइपातून खरंच पितळेचा छोटा जेट निघाला! धुऊन, भोकातून उजेड दिसतोय ना बघून नव्या पाइपात बसवला. दुसरा बोल्ट कॅनिस्टरच्या ओढीच्या पाइपात होता, म्हणजे कॅनिस्टर इतकी वर्षं भरत होता आणि रिकामा कधीच होत नव्हता. पेट्रोलचा वास त्याचाही असणार. कार्ब्युरेटर उतरवला तर बेकेलाइटच्या ठोकळ्याला मागच्या बाजूला केसासारखी रेघ. ठोकळा आणि दोन्ही पॅकिंग नवीन.

मग मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे प्लग, वॉल्व्ह क्लिअरन्स, मग टायमिंग. आणि सगळं झाल्यावर शेवटी मिक्स्चर, अ‍ॅनालायझर असलेल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये. गेज आता १९ वर, काटा हलत नाही. पीयूसीला सीओ १.४, एचसी ४६०. कुंड्या भरून आरेचा चढ तिसऱ्यात चढली.

कार्ब्युरेटर तोच आहे. किटसुद्धा टाकावं लागलं नाही.

आयटीआय_मास्तर

अभिनंदन! टायमिंग बघताना डिस्ट्रिब्युटरचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलं होतं ना? तसं केलं नसेल तर परत एकदा बघून घ्या. आणि ही पावती जपून ठेवा. पुढच्या सहा महिन्यांनी परत चाचणी येईल तेव्हा आकडे शेजारी ठेवून बघा. एचसी चढायला लागला की पाइप बघायची वेळ झाली असं समजा.

तिसरा_गिअर

हो, बंद केलं होतं. बॉनेटखाली स्टिकर शाबूत आहे, त्यावर लिहिलंय.

वसईची_ओम्नी

धागा आधाशासारखा वाचला. माझी ओम्नी कार्ब्युरेटरवाली आहे, ७९६ सीसी. आयडलिंग बरं आहे, पण गाडी उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. हीच भानगड का?

मस्कत_ते_रत्नागिरी

ताई, असू शकते, पण आधी सायलेन्सरचे जोड बघा. धुराचा मॅनिफोल्ड आणि पाइप यांच्यामधलं पॅकिंग गेलं की बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल तिथं पेटतं. थंड गाडी चालू करा, जाड फडकं गुंडाळून सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर दाबा आणि पुढे फुसफुस येते का ऐका. मदतीला कुणीतरी घ्या. दार उघडं ठेवून, बाहेर मोकळ्यावरच करा, बंद पार्किंगमध्ये नको, तो धूर विषारी. तिथं आवाज नाही आला तर मग हवेच्या मॅनिफोल्डचे पाइप, याच क्रमाने. ओम्नीत इंजिन सीटखाली असतं, रबर जास्त तापतं, म्हणून वळणावरचा पाइप वाकवून बघायला विसरू नका. जे सापडेल ते इथं लिहा.